चाकं टेकताच केलेला नमस्कार

शेजारच्या सोसायटीत गवत कापायचं यंत्र सुरू झालं, की पेट्रोल आणि ओल्या गवताचा वास येतो आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या हरणी विमानतळाच्या धावपट्टीवर पोचतो. शेपटीखाली चाक असलेलं छोटं विमान त्या दिवशी मी पहिल्यांदा एकट्याने उतरवत होतो. जमलं नाही, तर बाजवा गावात काकांच्या हाताखाली नोकरी, असं घरात ठरलेलं होतं. समोरचा वारा असा झोडपत होता, की खालच्या रस्त्यावरची म्हैस मला दोनदा मागे टाकून गेली. तरी चाकं अलगद टेकली. असलं विमान पूर्ण थांबेपर्यंत हातातला दांडा सोडायचा नसतो. पण काम पार पडलं की नमस्कार करायचा, ही आईने लावलेली सवय. मी हात जोडले, डोळे मिटले आणि वाऱ्याने शेपूट धरून विमानाला गरब्यासारख्या सात गिरक्या दिल्या. धावत आलेल्या, विमान शिकवणाऱ्या सरांना एकच दिसली, पण त्यांची नजर अधू होती. "अल्या, हाथ क्यां हता?" हात कुठे होते, असं विचारताच मी अजून जोडलेले हात दाखवले. त्यांनी पंखाचं टोक चाचपलं, चाकात अडकलेलं गवत उपटलं. "काही तुटलं नाही. चल, पुन्हा एकटाच जा. देवाला सांग, विमान थांबल्यावर भेटू." गेलो, उतरवलं, थांबलो, मगच हात जोडले. आताही गाडी दारात लावून, हँडब्रेक ओढून मी निवांत नमस्कार करतो, तेव्हा बायको म्हणते, "उतरा आता, देव कंटाळला."