भिंतीकडची खुर्ची

आमच्या खोलीत दोन खाटा, दोन कपाटं, एक टेबल आणि एकच खुर्ची होती. ती खुर्ची टेबल आणि उजवीकडची भिंत यांच्यामध्ये कशीबशी मावायची. त्या खुर्चीत बसून माझी मैत्रीण रोज विमान उडवायची.

ऐकून कुणाला हसू येईल, पण हवाई दलाच्या प्रशिक्षणात सगळेच असं करतात. हवेत मिळणारा वेळ थोडा आणि लक्षात ठेवायचं डोंगराएवढं. म्हणून खुर्चीत बसायचं, विमान वळवायचा दांडा म्हणून हातात काहीतरी धरायचं, डोळे मिटायचे आणि इंजिन सुरू करण्यापासून विमान उतरवण्यापर्यंत सगळं तोंडाने म्हणत हातापायांनी करत जायचं. तिच्या हातात मोडक्या छत्रीची मूठ असायची.

तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. वयाने आमच्याएवढीच, पण कुणाचं बटण तुटलं की ही सुईदोरा घेऊन हजर. कुणी घरच्या आठवणीने मुसमुसायला लागलं की म्हणायची, "रड हवं तेवढं, पण आधी बूट पॉलिश करून घे." तिची आई शिवणकाम करायची, वडील लवकर गेलेले. आईचा रोज फोन.

"जेवलीस का? आज उडवलंस विमान?"

"आज नाही गं. आज नुसतं खुर्चीत."

"खुर्चीतच बसायचं होतं तर एवढ्या लांब कशाला गेलीस? घरी काय खुर्च्या नव्हत्या?"

सकाळी आवरून झालं की मी खाटेवर बसून देवाचं नाव घ्यायचे. मावशी डोळे न उघडता म्हणायची, "माझ्यासाठीही दोन शब्द टाक. पण मनातल्या मनात हं, माझं टेकऑफ चाललंय."

सगळं बरं चाललेलं असताना तिची एक चूक निघाली. विमान वळवण्याआधी त्या बाजूला पार खांद्याच्या मागपर्यंत बघायचं, कुणी नाही याची खात्री करायची आणि मगच 'मोकळं' म्हणून वळायचं. मागच्या सीटवर बसलेल्या सरांना तिचं हेल्मेट दिसायचं. डावीकडे ते नीट वळायचं. उजवीकडे जरासं हलायचं आणि थांबायचं. एकदा ती "उजवीकडे मोकळं" म्हणाली आणि वळू लागली, तर त्याच बाजूला थोडं मागे दुसरं विमान होतं. सरांनी तिच्या हातून विमान काढून घेतलं.

खाली उतरल्यावर ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तोंड बोलतं तुझं, मान वळत नाही. अशाने तूही जाशील आणि दुसऱ्यालाही नेशील."

डॉक्टरांनी मान तपासली. मान ठणठणीत. पुढच्या परीक्षेच्या उड्डाणात तीच चूक. आता शेवटची संधी, तीही मोठ्या सरांबरोबर. त्यात नापास झाली की बॅग भरून घरी. मावशीने खुर्चीतला सराव दुप्पट केला आणि चूक आणखीच पक्की झाली. हे कोडं आम्हाला सुटेना.

एका दुपारी मी खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होते. ती खुर्चीत, डोळे मिटलेले.

"मावशी, डावीकडे तू अंग झुकवून बघतेस. उजवीकडे का नाही?"

"बघते की."

"नाही बघत. परत कर बरं."

तिने परत केलं. कानशील भिंतीकडे झुकलं आणि चार बोटं अलीकडेच थांबलं. तिथे, बरोबर डोक्याच्या उंचीला, चहाचे मग ठेवायची लोखंडी फळी ठोकलेली होती. तिने डोळे न उघडताच हात वर करून ती चाचपली.

"पहिल्या आठवड्यात हिनेच टेंगूळ आणलं होतं मला," ती म्हणाली. मग डोळे उघडून खुर्चीतून उठली.

आम्ही दोघींनी खुर्ची उचलली आणि मागे कपडे वाळत घालतात त्या अंगणात नेली. आमच्या तुकडीतल्या पोरांना चेव आला.

"मावशीचं विमान बाहेर निघालं रे!"

"धावपट्टीवरचे टॉवेल काढा आधी!"

हसू दिलं त्यांना. मी तिच्या उजवीकडे मागे उभी राहायचे आणि बोटं दाखवायचे. आता डोळे उघडे. किती बोटं ते सांगितल्याशिवाय तिने 'मोकळं' म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी ती दर वेळी मध्येच अडकायची आणि स्वतःवरच चिडायची. "नसलेल्या फळीला घाबरतेय मी, बघ!" हळूहळू मान सुटली.

परीक्षेच्या दिवशी मी धावपट्टीकडे बघत हात जोडले. तिला पास कर, असं नाही मागितलं. उजवीकडे जे असेल ते तिला दिसू दे, एवढंच म्हटलं.

विमान उतरलं. मोठे सर खाली आले, हातमोजे काढत म्हणाले, "मान दुखत असेल आज तुझी."

"नाही सर."

"मागे बसून तुझं हेल्मेट बघताना मला मात्र गरगरायला लागलं होतं." आणि चालते झाले. त्यांचं पास करणं ते एवढंच.

मावशीने आईला फोन लावला. आई आधी रडली, मग म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का?"

प्रशिक्षण संपून खोली सोडायची वेळ आली तेव्हा मावशी कुठून तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि तिने ती फळी काढून कपाटावर ठेवली. वॉर्डनबाई खोली तपासायला आल्या.

"फळी का काढली? चहाचे मग कुठे ठेवायचे पुढच्या मुलींनी?"

"खाली ठेवतील, बाई," मावशी म्हणाली, आणि तिने खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध ठेवली.