ताटातलं नाव

जुन्या मतदार याद्या आता कॉम्प्युटरवर दिसतात. माझी आई रोज सकाळी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि विचारते, "आज सापडेल का गं सुशाताई?"

सुशीला ही तिची थोरली बहीण. आजोबा गेल्यावर दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं, त्याला उभा जन्म लोटला. मावशीच्या सासरचं गाव आईला आठवतं. आडनावही आठवतं, पण निम्म्या गावाचं आडनाव तेच. मावशीच्या नवऱ्याला सगळे दाजी म्हणत; त्यांचं नाव कधी कुणी घेतलंच नाही. आणि सुशीला हे नाव तर लग्नातच बदललं.

मी पिवळट पानं सरकवत राहते. लक्ष्मी, रमा, सरस्वती, पुन्हा लक्ष्मी. प्रत्येकीपुढे नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. माहेरच्या नावाला रकानाच नाही. जणू या बायका त्या गावातच उगवल्या! यातली एक माझी मावशी आहे आणि मी तिला ओलांडून पुढे जाते आहे.

काल मी चिडलेच. "आई, आठव ना! तू होतीस ना लग्नात?"

"होते की. दाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं. मला वाचता कुठे येत होतं तेव्हा! सगळ्यांना मोठ्याने सांगितलंही, पण मी रडत होते." आईने उजवा हात पदराखाली घेतला. "ताई जाणार म्हणून इतका राग आला होता गं, मीच ते हाताने पुसून टाकलं."