माझा निनावी विरोधक

संस्कृतात एम.ए. करणारा मुलगा म्हणजे घरचा भटजी, अशी मीरा रोडच्या आमच्या बिल्डिंगची पक्की समजूत होती. नव्वदच्या आसपासचा काळ. जिकडे तिकडे नव्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक ब्लॉकला वास्तुशांत लागत होती. "पंडितजी, संडे को खाली हो क्या?" असं तळमजल्यावरचे अंकल मला भर जिन्यात विचारायचे. मला साधी संध्याही येत नव्हती. मी काव्यशास्त्र करतोय, हे हिंदीत कसं सांगायचं तेही येत नव्हतं. म्हणून मी नुसता गूढ हसायचो. त्यामुळे भाव आणखी वाढायचा.

वडिलांसमोर मात्र गूढ हसून भागत नसे. "हे सगळं ठीक आहे, पण पुढे काय?" या त्यांच्या प्रश्नाला त्यांनीच उत्तर शोधून ठेवलं होतं. पेणकरपाड्यातले एक शेट त्यांच्या ओळखीचे. एके काळी मिठागरं असलेलं घर, आता हाटकेशला प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. एका गाळ्यातच, पण बादल्या जोरात. तिथे सुपरवायझरची जागा माझी वाट बघत होती. घरात तह ठरला: विभागप्रमुख बाईंनी मला त्यांच्याकडे प्रबंधाला घेतलं, तर शिक्षण पुढे चालू. नाही घेतलं, तर बादल्या. आणि बाई विद्यार्थी घ्यायच्या ते निबंध ऐकून. सगळ्या विभागासमोर उभं राहून वाचायचा.

विषय मिळाला: दुःखाचं नाटक बघताना प्रेक्षकाला आनंद का होतो? मला कधीच झाला नव्हता, पण ते निबंधात लिहून चालणार नव्हतं. आमच्याकडे निबंधाची रीत ठरलेली. आधी विरोधकाचं मत मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग ते मत मोडून आपलं उभं करायचं. विरोधकाचं नाव घ्यायचं नाही. 'केचित्', म्हणजे 'काही जण', असं म्हणून त्याला उडवायचं. माझी अडचण एवढीच की माझ्यापाशी विरोधक नव्हता. खरं तर मतही नव्हतं, पण विरोधक मिळाला की ते आपोआप तयार होतं, असा माझा अनुभव होता.

एक वर्ष पुढे असलेला मित्र मदतीला आला. त्यानं आपल्या टाचणांतून एक मत काढून दिलं: रंगमंचावरचं दुःख आपलं नाही, या सुटकेचाच तो आनंद असतो.

"भुसभुशीत आहे. बोट लावलंस तरी पडेल."

"पण आहे कोणाचं?"

"तुला काय करायचंय? केचित् रे, केचित्!"

मी मांडी ठोकून बसलो. पूर्वपक्ष तर असा रंगवला की मलाच पटायला लागला. मग घाबरून खंडनात शिव्यांचं प्रमाण वाढवलं. आपल्या परंपरेत शिव्यांची तंगी नाही. 'स्थूलबुद्धी' हा शब्द मी सढळ हातानं वापरला. जिथे युक्तिवाद संपला, तिथे तर लागोपाठ.

वाचनाच्या दिवशी मी खड्या आवाजात सुरुवात केली. "काही स्थूलबुद्धी लोक असे मानतात की..." समोरच्या बाकावरच्या मुलींनी एकदम माना खाली घातल्या. मला वाटलं, प्रभाव पडतोय. मी आवाज चढवला. मित्र खिडकीबाहेर बघत होता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत विचारलं, "हे काही जण म्हणजे कोण?"

"बाई, नाव घेण्याच्या योग्यतेचे नाहीत."

"असं? हयात आहेत?"

"नसावेत, बाई. असलं मत घेऊन कोणी फार काळ टिकत नाही."

"टिकलेत," बाई म्हणाल्या. "निवृत्तीलाही अजून अवकाश आहे."

त्यानंतर त्या स्थूलबुद्धी व्यक्तीनं माझं खंडन वाक्यावाक्यानं सोलून टेबलावर ठेवलं. एकही शिवी न वापरता. मला डोळ्यांसमोर लाल, निळ्या, हिरव्या बादल्या एकात एक चढताना दिसायला लागल्या.

"खंडन टाकाऊ आहे," शेवटी बाई म्हणाल्या. "पण पूर्वपक्ष? माझं मत माझ्यापेक्षा तुम्ही नीट मांडलंय. प्रबंध माझ्याकडे करा. त्यात खंडन नको. नुसता पूर्वपक्ष, वर्षभर. आणि स्थूलबुद्धी हा शब्द आता माझ्यासाठी राखीव. मी तो तुमच्यासाठी वापरीन."

अशा रीतीनं, जे मत मी भर सभेत मारलं, त्याचीच पालखी उचलायला मी रुजू झालो. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "बघ, काम झालं ना तुझं?" त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. परंपरेतलंही नव्हतं.

संध्याकाळी घरी परतलो, तर शेट आमच्या जिन्यातच वडिलांशी बोलत उभे. वडिलांना मी खालच्या पायरीवरूनच निकाल सांगितला.

"मंग, येतो का न्हाय पोरगा?" शेटनी वडिलांना विचारलं.

"नाही हो. बाईंनी ठेवून घेतलाय त्याला."

"कशाला?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं, की बाईंचं एक म्हणणं आहे, ते बरोबर कसं, हे मला वर्षभर लिहायचंय.

"आख्खा वरीस?" शेट विचारात पडले. मग खाली उतरता उतरता वडिलांना म्हणाले, "मंग बाईंचा म्हननाच जरा कच्चा हाय."

वडील इतक्या मोकळेपणी हसलेले मी फार दिवसांनी ऐकत होतो. मी कठडा धरून उभा राहिलो. उत्तर देणं आता माझं काम होतं, पण खंडन करायला मला बंदी होती.