तिला एक तास दिला

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या वाचनालयांनी मिळून शाळकरी मुलांसाठी कथास्पर्धा घेतली, तेव्हा मी परीक्षक होते. ओतूरजवळच्या एका वाचनालयाची मी ग्रंथपाल. स्वभाव तापट, मनात आलेलं तोंडात राहत नाही. निवडलेल्या पाच जणांना कथा वाचायला आमच्याकडे बोलावलं होतं. चौघांचं झालं आणि डोंगराकडच्या गावातली एक दहावीची मुलगी उठली.

तिची कथा निवडीसाठी वाचतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. एकमेकींशी अबोला धरून दिवसभर एकाच झाडाखाली हिरडे वेचणाऱ्या दोन जावा. भाषा मुरलेली, भारदस्त. आणि ही मुलगी बोलायला लागली की 'व्हतं' आणि 'न्हाई'. मी विचारलं, कुठल्या वाचनालयाची सभासद आहेस? ती म्हणाली, कुठलीच नाही. पुढं काही सांगणार होती, पण मी बोलूच दिलं नाही.

"मग ही मोबाईलमधल्या एआयनं लिहून दिलीय. सरळ चोरी आहे ही," मी म्हणाले. सगळ्या मुलांसमोर.

तिचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. मीच लिवलीया, एवढंच म्हणाली. दुसरे परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तोडगा काढला: नवा विषय द्यायचा, इथेच तासाभरात लिहायला लावायचं. नाही जमलं तर नाव बाद आणि शाळेला पत्र. दहावीच्या वर्षी असं पत्र गेलं की पोरीच्या नावाला डाग लागला तो लागलाच. बाकीच्यांना आम्ही बाहेर ओट्यावर बसवलं.

वीस मिनिटं तिनं एक अक्षर लिहिलं नाही. पेनाचं टोपण काढायची, परत लावायची. सर घड्याळ बघत होते. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं, माझाच अंदाज खरा ठरतोय म्हणून. मग तिनं वाकून लिहायला सुरुवात केली आणि मान वर केलीच नाही.

तेवढ्यात दारात एक माणूस चपला काढून आत आला. आमचा चार वर्षांपासूनचा सभासद. दर बाजारच्या दिवशी पिशवीतून पुस्तक आणायचा, बदलून न्यायचा. कुठलं हवं विचारलं तर म्हणायचा, द्या कायबी, जाड असंल ते. हा उशाला घेतो की काय, अशी मी त्याची पाठीमागं थट्टा करायची. आज त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पोरीचं वाचून झालं का, असं विचारलं.

"ही तुमची मुलगी?"

"व्हय. मला कुठं वाचता येतंय, बाई. हीच वाचती. तुमी देताय ती समदी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं कपाटातून निवडून निवडून जी पुस्तकं मी त्याच्या हातात ठेवली, त्यांचीच भाषा मी आज चोरीची ठरवली होती.

मी तिच्याजवळ गेले. पुरे झालं, ऊठ, म्हणाले. तिनं मान वर न करताच सांगितलं, अजून बारा मिन्टं हायेत. बारा मिनिटं आम्ही तिघंही थांबलो. वेळ संपल्यावर तिनं कागद पुढं केला. तपासायची गरज नाही म्हटलं, तर म्हणाली, तपासा. मी वाचला, सरांना दिला. कुणाला शंका राहायला जागाच नव्हती. हळू आवाजात मी तिला म्हणाले, माझं चुकलं, आता तुझी कथा वाच.

ती जागची हलली नाही.

"चोरी सगळ्यांसमोर म्हनलात, बाई. आता ह्येबी सगळ्यांसमोर म्हना."

बाप तिला गप बस म्हणाला. मला क्षणभर रागही आला, एवढीशी पोर मला शिकवते म्हणून. पण मी ओट्यावर जाऊन मुलांना आत बोलावलं. सगळी बसल्यावर उभी राहिले. कथा हिनंच लिहिली आहे, मी हिच्यावर खोटा आळ घेतला, असं म्हणाले, आणि हात जोडले. तिनं मान हलवली, कथेचे कागद घेतले आणि वाचायला लागली. बाप दाराशी मांडी घालून बसला होता. लेकीनं लिहिलेलं तो पहिल्यांदाच ऐकत होता.