उरलेला अर्धा चिरूट

मिलच्या फाटकावर दिवसभर उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर आधी बूड टेकेल की नाही? आमचे हवालदारकाका टेकत नसत. चाळीतल्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यात चौकटीला खांदा लावून तसेच उभे राहत. मी एकदा म्हटलं, "काका, बसा की आता." तर म्हणाले, "बसलं की दमल्यालं कळतंय, बाबू. न कळल्यालं बरं."

मी त्याच मिलमध्ये हजेरीबाबू होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. दमणं काय असतं ते त्या चाळीत कुणालाच शिकवावं लागत नव्हतं. काका मूळचे मंद्रूपचे. मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले. येताना हिवताप आणला आणि चिरुटाबरोबर रम घ्यायचा शौकही आणला. रम पुण्याच्या छावणीतला एक जुना सोबती पाठवी. त्रिचनापल्लीचे चिरूट मद्रास मेलचा एक गार्ड आणून देई. हा कार्यक्रम फक्त शनिवारी संध्याकाळी, तोही एका पेल्यापुरता.

पेला तयार करत त्या पारूकाकी, त्यांची बायको. ठेचलेलं आलं, गुळाचं पाणी, लिंबू, थोडी मिरी आणि वर रम. चूल देवाची म्हणून हा उद्योग चुलीपासून लांब, खिडकीपाशी चाले. काकी माळकरी नव्हत्या, पण दारूला शिवणाऱ्यातल्याही नव्हत्या. तरी करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावत, "देवा, माफ कर रं बाबा," म्हणत आणि नवऱ्याकडे न बघता पेला पुढे सरकवत.

काका आधी एक झुरका घेत, धूर तोंडात घोळवत आणि मग घोट घेत. "धुरानं तोंड कडू झालं की मग गूळ कळतुया," ते मला सांगत. "घाई करू ने. घाई मिलला असू दे." चिरूट अर्धा झाला की विझवत आणि उरलेला काकींच्या कोनाड्यात ठेवत. काकी तो तव्यावर भाजून, कुटून दातांना लावायची मिश्री करत. बाजारच्या तंबाखूने त्यांना मळमळे, मिश्री चिरुटाचीच लागे. "ह्ये वढत्यात अर्दा, म्या घासती अर्दा," त्या हसून म्हणत. "संसार म्हंजी आनी काय असतंय?"

मग काकींच्या गालाच्या आत फोड आला. तो बरा होईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं की, तंबाखू बंद करा, नाहीतर बाई हातची जाईल. काकींनी ते उडवून लावलं. "चाळीतल्या समद्या बाया लावत्यात. त्यास्नी काय झालं?"

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी चिरूट सोडला. घरात अर्धा उरलाच नाही तर मिश्री होणार कशाची? काकींना मात्र कारण सांगितलं, "छाती भरून येती आताशा." खरं सांगितलं असतं तर माझ्यापायी सोडू नका म्हणून त्या अडून बसल्या असत्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण चिरुटाशिवाय त्यांना पेला उतरेना. अर्धा पेला तसाच राहू लागला आणि काकींनी मनाला लावून घेतलं. आपल्या हाताची चव गेली, असं त्यांना वाटू लागलं. दर शनिवारी त्या काहीतरी बदलत. त्यात तोंड इतकं सोलवटलं होतं की करंगळीवरच्या थेंबाने नुसती आग होई. चव कशी लागणार?

एका शनिवारी त्यांनी मला हाक मारली. "बाबू, ह्ये खोटं बोलत्यात. तुमी तरी खरं सांगा. काय कमी हाय ह्यात?"

मी जन्मात रमला शिवलो नव्हतो. पण त्या चेहऱ्याला नाही म्हणवलं नाही. घोट घेतला आणि आल्याच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. "छान झालंय, काकी," मी म्हटलं.

"तुमीबी तसलंच," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

काका उंबऱ्यातून आत आले. घाई करू नये म्हणणाऱ्या त्या माणसाने माझ्या हातातला पेला घेऊन एका दमात रिकामा केला. "पारू, तुजा हात हाय तसाच हाय. माजंच तोंड बिगडलंय."

मिश्री सुटली, पण दुखणं फार पुढे गेलं होतं. उन्हाळा लागायच्या आत काकी गेल्या. मला अजूनही वाटतं, एवढं सगळं करून त्या माणसाच्या पदरात काहीतरी पडायला हवं होतं.

काकींचं दिवसकार्य उरकल्यावर मद्रास मेलचा गार्ड भेटायला आला आणि जाताना सवयीने चिरूट ठेवून गेला. त्या शनिवारी काका घरी आले ते सरळ खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसताना पाहिलं नव्हतं. मग आलं ठेचलं, गूळ विरघळवला, पेला भरला. करंगळी बुडवायला हात पुढे गेला आणि मागे आला. चिरूट पेटवला, एकेक झुरका आणि एकेक घोट, अगदी सावकाश. अर्ध्यावर विझवला आणि उठून कोनाड्यात ठेवला.

मला राहवलं नाही. "काका, आता पुरा ओढायचा."

"पुरा कसा वढू, बाबू?" ते म्हणाले. "अर्दा तिचा हाय की."

आणि पुन्हा उंबऱ्यात जाऊन उभे राहिले.