दोघी बर्फात गेलो तेव्हा

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून मी आणि माझी धाकटी बहीण कधी एकदम घराबाहेर पडलो नव्हतो. बाबा हिंगणघाटला माझ्याकडे असायचे. आठवडाभर मी आणि माझा नवरा त्यांचं करायचो. बहीण सावंगीला नर्स. ती शनिवारी एसटीने यायची आणि दोन दिवस मला मोकळं करायची. मावसभावाच्या घरी कार्य होतं तेव्हा ती हळदीला गेली आणि मी लग्नाला. अशी चार वर्षं गेली.

बर्फाचं खूळ तिचं. तिच्या वॉर्डातली एक डॉक्टरीण हिमाचलात बर्फावर चालायला गेली होती. तिचा व्हिडिओ बहीण बाबांना मोबाइलवर दाखवत होती. बुटांखाली रुंद जाळीदार तळवे बांधून माणसं डोंगराची वाट चढत होती. बाबा आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, त्यांना बर्फापेक्षा त्या तळव्यांचंच अप्रूप.

"पाय काऊन नाई रुतत?" त्यांनी विचारलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे शब्द जड यायचे.

"वजन पसरते ना बाबा."

त्यांनी परत एकदा व्हिडिओ लावायला सांगितला. मग म्हणाले, "जा ना वं दोघीबी. मी काई पळून जातो काय?"

नवरा सासऱ्यांना मामाजी म्हणायचा. त्यानेही लगेच री ओढली. "मी आहो ना. मामाजीले मी पाहतो."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. आमच्या थंडीत सकाळी घातलेला स्वेटर दुपारी काढावा लागतो. तिथे मी तीन स्वेटर चढवूनही कुडकुडत होते. शेवटच्या गावापर्यंतच फोन लागत होता. त्या संध्याकाळी आम्ही घरी फोन केला. नवरा म्हणाला, सगळं ठीक आहे. मी आत तळव्यांचे पट्टे बांधून बघायला गेले आणि बहीण बाबांशी बोलत बाहेर थांबली. आत आल्यावर म्हणाली, "जेवले. झोपतो म्हणे."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. आमची वाट दाखवणारी बाई पुढे आणि आम्ही तिच्या मागे पाय फाकवून बदकासारख्या. देवदारांच्या मधून वाट चढत होती. पहिल्या चढावरच बहिणीचा एक तळवा दुसऱ्यावर पडला आणि ती कुशीवर आडवी झाली. उठायला गेली की पुन्हा अडकायची. मी हात द्यायला वाकले आणि तिच्यावरच पडले. आम्ही इतक्या हसलो की वाट दाखवणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. चार वर्षांत मी बहिणीला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती पाठीवर पडून आभाळाकडे बघत म्हणाली, "ताई, आपण किती दिवसांनी संगं आहो."

त्याच सकाळी बाबा गेले.

आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, वर मुक्काम करून खाली उतरल्यावर. फोनला रेंज आली आणि नवऱ्याचे मेसेज एकामागून एक येऊ लागले. बहीण तळवे सोडायला बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा हातातच राहिला. काय झालं, हे तिने विचारलंही नाही.

गाडी, विमान, पुन्हा गाडी. हिंगणघाटला पोचायला आणखी एक दिवस गेला. पोरी आल्याशिवाय उचलायचं नाही, असं नवऱ्याने सगळ्यांना बजावलं होतं. बाबांना काचेच्या थंड पेटीत ठेवलं होतं आणि काचेवर सारखी वाफ धरत होती, ती तो टॉवेलने पुसत होता. बहिणीने झाकण उघडायला लावलं, त्यांच्या हाताला हात लावला आणि पटकन मागे घेतला. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बाप अंथरुणावर अन् ह्या डोंगर चढाले गेल्या."

तेरवीनंतर बहीण शनिवारी येईनाशी झाली. यायचं कारणही उरलं नव्हतं म्हणा. फोनवर दोन वाक्यं बोलायची, ड्यूटी आहे म्हणायची.

संक्रांतीनंतर एका सकाळी स्वयंपाकघरात नवरा कधीचा उभा होता. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "तुमचा फोन आला त्या संध्याकाळी मामाजीले बरं नव्हतं. दम लागत होता. मी डॉक्टरले बोलावलं, त्यायनं इंजेक्शन देल्लं. मी तुले सांगणार होतो. पण मामाजीनं मनगट धरलं माहं. म्हणे, सांगजो नोको. मधातूनच परत येतीन पोरी."

मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याने ऐकायला नको होतं, असं वाटायचं. मग वाटायचं, बाबांनी दिलेली ती एक सुट्टी त्याने कशी मोडायची?

बाबांनीच आपल्याला परत बोलवू दिलं नाही, हे बहिणीला सांगितलं तर तिला बरं वाटेल, म्हणून मी सावंगीला गेले. तिच्या खोलीत तिने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. ती गॅसकडे तोंड करून ऐकत होती.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फोनवर बाबाचा श्वास आयकला मी. एका वाक्यात तीनदा थांबले. मी नर्स आहो ताई, मले नाई समजन काय? ते म्हणत होते, बर्फ पाह्यला का? मी म्हटलं, उद्या पाहतो. अन् फोन ठेवला." ती वळली. "मले वर जायचं होतं. एक दिवस. मले वाटलं, एक दिवस तं थांबतीन."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण मी बसलेल्या जागी बसून राहिले, कारण त्या क्षणी मला तिचा राग आला होता. तो तिला दिसलाही असणार. चहा उतू गेला, तिने ओटा पुसला. तिची ड्यूटी दोनची होती. तिने तोंड धुतलं, केस बांधले आणि आम्ही जिना उतरलो. फाटकाशी तिने विचारलं, "भाऊजीले सांगशीन?"

"नाई."

नवरा अजून मधूनमधून विचारतो, ती काऊन येत नाई? मी ड्यूटीचं कारण सांगते. तो समजतो की ती त्याच्यावर रागावली आहे.