रुखमाबाईची जोडी

आमच्या सिंदेवाहीकडच्या गावची दिव्यानी चंद्रपुरात कॉम्प्युटर शिकून आली न् आमच्या वन समितीत ऑपरेटर झाली. मी पत्रू, समितीचा अध्यक्ष. नावालाच, कारभार तिचाच.

यंदा मोहफुलाच्या दिवसात वाघानं हैदोस मांडला. आम्ही ठरवलं, जंगलात एकटीनं जायचं नाई, जोडीनंच जायचं. पण बाया आयकतील तर ना! हिले तिच्यासंगं नाई, तिले हिच्यासंगं नाई. मंग दिव्यानीनं पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. पायथन म्हणजे अजगर म्हणे. म्या म्हटलं, वाघ कमी होता काय? तिनं 'जोडी' नावाचा क्लास बनवला, म्हणजे एक साचा. त्यात बायांच्या नावांची यादी टाकली का होतील तेवढ्या साऱ्या जोड्या आपोआप निघत, न् त्यातली त्या दिवशीची जोडी जिच्यातिच्या मोबाईलवर जाई.

पहिल्याच सकाळी बाया गेल्यावर मी ऑफिसात चहा पिऊन राह्यलो होतो. स्क्रीन पाहता पाहता दिव्यानी पांढरीफटक पडली.

"पत्रूभाऊ, गाडी काढा!"

"काऊन? का झालं?"

"रुखमा–रुखमा! जोड्या लावाचं लूप, म्हणजे नावाचा फेरा, पुढच्या नावापासून चालू कराचं होतं, म्या त्याच नावापासून केलं. रुखमाबाईची जोडी तिच्याच संगं लागली. एकटी गेली ना जी ते!"

रुखमाबाई कानानं कमी. वाघ मागं उभा राह्यला तरी तिले समजणार नाई. "अक्कल गहाण ठेवली होती काय?" म्हणून खेकसलो न् किक मारली.

नाल्याच्या ओल्या रेतीत वाघाचे ताजे पंजे. दिव्यानी "रुखमाबाई वो!" म्हणून ओरडून राह्यली, घसा फाटला तिचा. जवाब नाई. मी भेलो, खोटं काऊन सांगू?

वळणापुढं मोहाच्या झाडाखाली रुखमाबाई दिसली. पाठमोरी, वाकून फुलं वेचत. दिव्यानीनं धावत जाऊन तिले गच्च धरलं न् कानाशी ओरडली, "एकटी काऊन आली वो? आपलंच नाव दोनदा पाहून मले विचारता नाई आलं काय?"

रुखमाबाई दचकली, मंग ओशाळून हसली. "पाह्यलं ना माय. मले वाटलं, नवरा गेला, लेकरू नाई... तुह्या मशिनीले बी मालूम हाय, माह्यासंगं येणारं कोणी नाई."

दिव्यानी तिथंच बसून रडू लागली. मी गाडी फिरवून उभा होतो, पण "चला" म्हणाची माही हिंमत झाली नाई.